‘घेतलं’ नव्हे, ‘दिलं’ : रोमन सम्राटांच्या प्रचाराचं व्याकरण

प्रश्न असा आहे की, रोमन सम्राटांनी प्रचाराच्या बळावर आपली सत्ता वैध कशी ठरवली, आणि लोकांना ते खरंच पटत होतं का? मी बरीच वर्षं प्राचीन इतिहास शिकवतो आणि त्याहून जास्त वर्षं नाण्यांच्या नादी लागलेला आहे. त्यामुळे उत्तर लांबेल आणि नाण्यांकडे झुकेल, हे आधीच सांगून ठेवतो.

‘प्रचार’ म्हटलं की आपल्याला भोंगा लावलेली रिक्षा आणि चौकातला फ्लेक्स आठवतो. रोमला प्रचार खातं नव्हतं, प्रचारप्रमुखही नव्हता. होती ती एक अडचण, आणि ती मोठी होती. परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये रोमनांनी शेवटच्या राजाला हाकललं, तेव्हापासून ‘रेक्स’ म्हणजे राजा ही त्यांच्या राजकारणातली सगळ्यात वाईट शिवी होती. आणि पुढे ज्यांच्या हाती सगळं गेलं, ते नाव सोडलं तर राजेच होते. राजा म्हणवून न घेता राजा कसं व्हायचं, एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर रोमनांनी एका क्रियापदात शोधलं. सत्ता ‘घेतली’ असं कधीही म्हणायचं नाही. ती ‘दिली गेली’ असंच म्हणायचं. नाणी, शिलालेख, पुतळे, कमानी यांच्याकडे बघताना मी मुलांना आधी हेच विचारायला सांगतो: इथे देणारा कोण दाखवलाय?

ज्युलियस सीझरला हे जमलं नाही, किंवा त्याने त्याची फिकीर केली नाही. इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला त्याने रोमच्या टाकसाळीतून स्वतःच्या मुखवट्याची नाणी पाडली. तोपर्यंत रोमच्या नाण्यांवर देव असत, फार तर मेलेले पूर्वज. जिवंत माणसाचं तोंड नाण्यावर असणं ही ग्रीक राजांची रीत. त्यातल्या काही नाण्यांवर भोवतीने लिहिलंय ‘आजीव हुकूमशहा’. १५ मार्चला त्याचा खून झाला. नाण्यामुळे झाला असं कोणी म्हणणार नाही, पण ज्यांनी सुरे चालवले त्यांना ते नाणं काय सांगतंय हे पक्कं कळलं होतं. गंमत पुढे आहे. त्याच कटातल्या ब्रूटसने दोन वर्षांच्या आत आपल्या सैन्यासाठी नाणं पाडलं. मागच्या बाजूला दोन खंजीर, मध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी, खाली मार्चच्या त्या तारखेचा उल्लेख. आणि दर्शनी बाजूला? खुद्द ब्रूटसचा चेहरा. हुकूमशहाला मारून स्वातंत्र्य आणलं म्हणणारा माणूसही स्वतःचं तोंड छापल्याशिवाय राहिला नाही.

सीझरने मृत्युपत्रात दत्तक घेतलेला ऑक्टेव्हियन तेव्हा अवघा १८ वर्षांचा होता. हाताशी सैन्य नाही, पद नाही. नाव तेवढं होतं. त्याच जुलैत सीझरच्या स्मरणार्थ त्याने खेळ भरवले, त्या दिवसांत आकाशात धूमकेतू दिसला, आणि सीझरचा आत्मा देवलोकी गेल्याची बोलवा झाली. इ.स.पू. ४२ मध्ये सिनेटने, म्हणजे रोमच्या सरदारांच्या सभेने, सीझरला अधिकृतपणे देव ठरवलं. बाप देव, म्हणजे मुलगा ‘देवपुत्र’. ऑक्टेव्हियन ही उपाधी नावासारखी वापरू लागला. ‘मी देव’ असं त्याने रोममध्ये कधी म्हटलं नाही. बापाला देवपण सिनेटने दिलं, आपण फक्त वारस. क्रियापद पुन्हा तेच.

सुरुवातीचा हा प्रचार काही फार सभ्य नव्हता. सीझरचा जुना सेनापती मार्क अँटनी हा त्याचा सत्तेतला प्रतिस्पर्धी. इ.स.पू. ४१-४० च्या हिवाळ्यात ऑक्टेव्हियनने या अँटनीच्या भावाला पेरुसियात, म्हणजे आजच्या पेरुजियात, कोंडलं. त्या वेढ्यातले शिशाचे गोफणगुंडे सापडले आहेत. दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी त्यांच्यावर मजकूर कोरलाय. कुठे अँटनीच्या भावाचं टक्कल, कुठे अँटनीची बायको फुल्व्हिया, कुठे खुद्द ऑक्टेव्हियन. इथे लिहिता येणार नाहीत अशा शिव्या. काही गुंड्यांवर मात्र ‘देव ज्युलियस’चं नाव आहे. बापाचं देवपण असं गोफणीतून शत्रूच्या डोक्यावर फेकलं जात होतं.

अँटनी क्लिओपात्रेबरोबर अलेक्झांड्रियात राहू लागल्यावर ऑक्टेव्हियनने फास आवळला. अँटनीने आपलं मृत्युपत्र रोममध्ये वेस्टाच्या पुजारिणींकडे ठेवलं होतं. इ.स.पू. ३२ मध्ये ऑक्टेव्हियनने ते मिळवलं आणि त्यातले निवडक उतारे सिनेटमध्ये वाचले. आपण रोममध्ये मेलो तरी देह अलेक्झांड्रियाला क्लिओपात्रेकडे न्यावा, असं त्यात असल्याचं त्याने ऐकवलं. रोमन माणसाला ही गोष्ट झोंबणारच. मूळ कागद बाकीच्यांनी पाहिला नव्हता. मग युद्ध पुकारलं ते फक्त क्लिओपात्रेविरुद्ध. एका रोमनाने दुसऱ्या रोमनाशी चालवलेलं यादवी युद्ध असं परदेशी राणीविरुद्धचं धर्मयुद्ध झालं. ‘सगळ्या इटलीने आपणहून माझ्यामागे शपथ घेतली,’ असं त्याने पुढे लिहून ठेवलंय. ‘आपणहून’ हा शब्द लक्षात ठेवा.

इ.स.पू. ३१ च्या सप्टेंबरात अ‍ॅक्टियमच्या आरमारी लढाईत ऑक्टेव्हियनचा विजय झाला, पुढच्या वर्षी इजिप्त पडलं. आता खरा पेच होता. शत्रू संपले, तरी सगळं सैन्य आणि सगळा पैसा एकाच माणसाकडे कशासाठी?

इ.स.पू. २८ चं एक सोन्याचं नाणं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ऑक्टेव्हियन उच्चाधिकाऱ्याच्या घडीच्या खुर्चीवर बसलाय, हातात गुंडाळी, आणि लेख असा की ‘याने रोमन जनतेचे कायदे आणि हक्क परत दिले’. सैन्य नाही, शस्त्र नाही, सिंहासन नाही. इ.स.पू. २७ च्या जानेवारीत त्याने सिनेटमध्ये जाऊन जाहीर केलं की आपण सगळे अधिकार परत करतो. सिनेटने अर्थातच विनवण्या केल्या. मग जिथे जिथे मोठी सैन्यं तैनात होती, ते बहुतेक प्रांत ‘सांभाळायला’ त्याच्याकडे आले. १६ जानेवारीला त्याला ‘ऑगस्टस’ हे नाव मिळालं. दाराशी लॉरेलची झाडं, दारावर ओकच्या पानांचा मुकुट, आणि सिनेट सभागृहात सोन्याची ढाल. ढालीवर चार गुण होते: पराक्रम, दयाळूपणा, न्याय आणि कर्तव्यनिष्ठा. ओकचा मुकुट लढाईत सहनागरिकाचा जीव वाचवणाऱ्या सैनिकाला मिळत असे. तरुणपणी शेकडो नागरिकांची नावं मृत्यूच्या यादीत घालणाऱ्या माणसाच्या दारावर तो लटकला. इजिप्त मात्र त्याने पूर्णपणे आपल्या मुठीत ठेवलं. सिनेटच्या सभासदाला तिथे परवानगीशिवाय पाय ठेवता येत नसे. यातलं काहीच नाण्यावर येत नाही.

नको नको म्हणणं हासुद्धा या तंत्राचाच भाग. इ.स.पू. २२ मध्ये धान्यटंचाई झाली तेव्हा लोकांनी ‘हुकूमशहा हो’ म्हणून गिल्ला केला. ऑगस्टसने गुडघे टेकले, खांद्यावरून वस्त्र ओढून छाती उघडी केली आणि पद नाकारलं, असं सम्राटांचा चरित्रकार स्युटोनियस सांगतो. पद नाकारलं, धान्यपुरवठ्याचं काम मात्र घेतलं. इ.स.पू. २ मध्ये ‘राष्ट्रपिता’ ही उपाधी आली तेव्हा तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. मला या अश्रूंवर कधीच पुरता विश्वास ठेवता आला नाही, आणि पुरता अविश्वासही नाही. तीस वर्षं एकच भूमिका केली की ती अंगात भिनते.

या सगळ्याचा कळस म्हणजे त्याने स्वतः लिहिलेला आपल्या कार्याचा वृत्तांत, ‘रेस गेस्ते’. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारल्यावर हा वृत्तांत सिनेटमध्ये वाचला गेला आणि समाधीपुढे ब्राँझच्या पत्र्यांवर कोरला गेला. ते पत्रे गेले. आपल्याला तो मुख्यतः अंकाराच्या देवळाच्या भिंतींवर लॅटिन आणि ग्रीकमध्ये मिळाला. सुरुवातच बघा: ‘वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी स्वतःच्या निर्णयाने आणि स्वतःच्या खर्चाने सैन्य उभं केलं’, आणि एका टोळीच्या जुलमातून राज्याला स्वातंत्र्य मिळवून दिलं. साध्या भाषेत, एका पोराने खासगी फौज जमवली. कायद्याने तो सरळ गुन्हा होता. अँटनीचं नाव संपूर्ण लेखात नाही. ब्रूटस आणि कॅसियस म्हणजे ‘माझ्या वडिलांना मारणारे’. समुद्रावर त्याला वर्षानुवर्षं जेरीस आणणारा सेक्स्टस पॉम्पे नुसत्या ‘चाचे’ या शब्दात संपतो. शत्रूला नाव द्यायचं नाही, नाहीतर तो तुमच्या बरोबरीचा होतो.

या लेखातली मला सगळ्यात आवडणारी जागा चौतिसाव्या परिच्छेदात आहे. सर्वांच्या संमतीने सगळी सूत्रं माझ्याकडे असताना मी राज्य सिनेट आणि जनतेच्या स्वाधीन केलं, असं तो म्हणतो. अंकाराच्या भिंतीवर नेमका ‘असताना’चा शब्द फुटलेला आहे. विद्वानांनी तो अंदाजाने ‘पोतितुस’ असा भरला होता, म्हणजे ‘ताब्यात घेतल्यावर’. पिढ्यान्‌पिढ्या तसंच छापलं गेलं. मग पिसिदियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, अँटिओकला सापडलेल्या याच लेखाच्या एका तुकड्यावर खरा शब्द मिळाला: ‘पोतेन्स’, ‘सूत्रं हाती असलेला’. तीन-चार अक्षरांचा फरक. पण ‘घेतलं’ हे क्रियापद ऑगस्टसच्या तोंडी आपण घातलं होतं. तो गडी ते कधीच बोलला नसता. आणि लगेच पुढे: त्यानंतर प्रतिष्ठेत मी सर्वांच्या पुढे होतो, पण अधिकार माझ्या सहकारी पदाधिकाऱ्यांपेक्षा तसूभरही जास्त नव्हता. अधिकारांची यादी केली तर हे वाक्य जवळजवळ खरं ठरतं. म्हणूनच ते इतकं चतुर आहे.

पुतळ्यांबद्दल एकच उदाहरण देतो. इ.स.पू. ५३ मध्ये पार्थियनांनी, म्हणजे इराणकडच्या राज्यकर्त्यांनी, रोमन सेनापती क्रॅससचं सैन्य कापून काढलं आणि रोमन निशाणं नेली. इ.स.पू. २० मध्ये ऑगस्टसने ती वाटाघाटी करून परत मिळवली, युद्ध झालंच नाही. नाण्यांवर मात्र गुडघे टेकलेला पार्थियन निशाण पुढे करतोय. १८६३ मध्ये प्रिमा पोर्ताला सापडलेल्या त्याच्या प्रसिद्ध पुतळ्याच्या छातीवरच्या चिलखतावरही हाच प्रसंग मध्यभागी आहे. त्या पुतळ्याचे पाय अनवाणी, देवांसारखे. चेहरा तिशीतला. ऑगस्टस ७६ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर वारला, पण त्याच्या दोनशेहून अधिक उरलेल्या शिल्पांत म्हातारा ऑगस्टस एकही नाही.

आता यंत्रणेबद्दल. खातं नव्हतं, मग हे सगळं साम्राज्यभर पसरलं कसं? बराचसा भाग लोकांनीच पसरवला, स्वतःच्या फायद्यासाठी. इ.स.पू. ९ मध्ये आशिया नावाच्या रोमन प्रांतातल्या (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या) ग्रीक शहरांनी रोमन सुभेदाराच्या सूचनेवरून आपलं वर्ष ऑगस्टसच्या वाढदिवसापासून, २३ सप्टेंबरपासून, सुरू करायचं ठरवलं. त्या ठरावात त्याचा जन्म म्हणजे जगासाठी शुभवार्तेचा आरंभ असं म्हटलंय. शहरांच्या चढाओढी चालायच्या: कुणाला सम्राटपूजेच्या देवळाचा मान मिळतो, कुणाला नाही. देऊळ बांधणाऱ्या गावच्या धनिकाला पुजारीपद मिळे, शहराला रोममध्ये दोन शब्द बोलायला जागा मिळे. वरून हुकूम कमी, खालून अर्ज जास्त. आपल्याकडच्या कुणी कधी नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक लावला असेल तर त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

वरूनही होतंच. इ.स. २० मध्ये पिसो नावाच्या बड्या सरदारावर खटला झाला. सिनेटचा निकाल प्रत्येक प्रांताच्या मुख्य शहरात आणि प्रत्येक सैन्यदलाच्या हिवाळी छावणीत ब्राँझवर लावायचा हुकूम निघाला. स्पेनमध्ये त्याच्या प्रती खरंच सापडल्या. त्यात सम्राटाच्या घराण्याशी सैनिकांची निष्ठा हा विषय पुन्हा पुन्हा येतो. ते कोणासाठी लिहिलं होतं, हे यावरून कळतं.

नाण्यांबद्दल अभ्यासकांत जुना वाद आहे. एका पक्षाचं म्हणणं, नाण्यावरचं चित्र लोक टपालाच्या तिकिटाइतकंच बघत, म्हणजे बघतच नसत. मला ते पटत नाही, पण उलट टोकही पटत नाही. ‘हा मुखवटा आणि हा लेख कोणाचा?’ हा येशूचा प्रश्न आणि ‘कैसराचे’ हे उत्तर मराठी वाचकाला माहीत आहे. नाणं बघून उत्तर देता येत होतं, म्हणूनच तो संवाद उभा राहतो. तत्त्वज्ञ एपिक्टेटस म्हणतो, नाण्यावर सम्राट ट्राजनचा छाप असेल तर घे, नीरोचा असेल तर फेकून दे. ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार २२५ दिनारियस, म्हणजे तेवढी चांदीची नाणी, होता. ज्याने राज्य राखायचं, त्याच्या तळहातावर दरवेळी तोच चेहरा पडत होता. चेहरा नक्की पोचला. मागच्या बाजूचं बारीक चित्र किती पोचलं, याबद्दल मी सावध राहीन.

हा निरोप दूर गेल्यावर त्याचं काय होतं, हे आपल्या देशातच बघता येतं. ऑगस्टसने आपले नातू गायस आणि लुसियस यांना दत्तक घेऊन वारस नेमलं, आणि लुग्दुनुमच्या, म्हणजे आजच्या ल्याँच्या, टाकसाळीने दोघांच्या चित्राची चांदीची नाणी ढिगाने पाडली: दोन तरुण, मध्ये ढाली आणि भाले. लुसियस इ.स. २ मध्ये वारला, गायस इ.स. ४ मध्ये. त्या नाण्यांचे निधी दक्षिण भारतात मोठ्या संख्येने सापडतात, त्यांच्या स्थानिक नकलाही मिळतात. घराण्याची जाहिरात वारस गेल्यावरही मिऱ्याच्या व्यापारात फिरत राहिली. इथे कोणाला गायस-लुसियसशी कर्तव्य नव्हतं. चांदी चोख आहे एवढं पुरेसं होतं. भारतात सापडलेल्या काही रोमन सुवर्णनाण्यांवर सम्राटाच्या गालावर छिन्नीचा आडवा घाव आहे. त्या घावाची कारणं अनेक सुचवली गेली आहेत, पण ज्या हाताने तो घातला त्याला त्या चेहऱ्याचा धाक नव्हता, हे नक्की.

नाण्यावरून सत्तांतर सांगायची भाषा मात्र इकडेही चांगली ठाऊक होती. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा निधी मिळाला. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या चेहऱ्यावरच आपला छाप ठोकलेला आहे. खालून जुना राजा डोकावतो. यातलं क्रियापद ‘घेतलं’ हेच आहे, आणि ते लपवायची गरज सातकर्णीला वाटली नाही. त्याला राजा म्हणवून घ्यायची लाज नव्हती. रोमनांची अडचण किती खास त्यांची होती, हे अशा तुलनेत दिसतं.

ऑगस्टसनंतरच्यांनी तीच बाराखडी गिरवली, पण हात तितका सफाईदार नव्हता. इ.स. ४१ मध्ये कॅलिग्युलाच्या खुनानंतर प्रेटोरियन रक्षकांनी, म्हणजे सम्राटाच्या खास रक्षकदलाने, क्लॉडियसला छावणीत नेऊन सम्राट केलं. प्रत्येक रक्षकाला १५,००० सेस्टर्स (रोमन नाणी) कबूल झाले. पुढे त्याने नाणं पाडलं, त्यावर त्या छावणीची तटबंदी आणि लेख ‘सम्राट स्वीकारला गेला’. दुसऱ्या एकावर तो रक्षकाच्या हातात हात देतोय. रोमन प्रचारातला इतका प्रामाणिक नमुना मला दुसरा माहीत नाही. देणारा कोण, ते उघड छापलंय.

नीरोनंतर इ.स. ६९ मध्ये एकाच वर्षी चार सम्राट झाले आणि टिकला व्हेस्पेशियन, साध्या घरातला. देवाचा नातू म्हणवून घ्यायची सोय त्याला नव्हती. मग अलेक्झांड्रियात त्याने आंधळ्याला दृष्टी दिल्याच्या कथा पसरल्या. पुतळे मात्र टक्कल आणि सुरकुत्यांसकट, नीरोच्या कुरळ्या केसांच्या अगदी उलट. नीरोने शहराच्या मधोमध सुवर्णमहाल आणि तळं केलं होतं. त्या तळ्याच्या जागी याने लोकांसाठी कोलोझियम सुरू केलं. त्याच्या अधिकारांचा कायदा ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेला मिळालाय. ऑगस्टस, टायबेरियस, क्लॉडियस यांचे दाखले देत एकेक अधिकार मोजून दिलाय. कॅलिग्युला आणि नीरो यादीतून गायब. शेवटी एक कलम: या कायद्याआधी त्याने जे काही केलं, तेही जनतेच्या आज्ञेनेच केल्यासारखं समजावं. कारकिर्दीची सुरुवात मात्र तो सिनेटच्या ठरावापासून धरत नसे. सैन्याने जयजयकार केला त्या १ जुलैपासून धरे.

लोकांना पटत होतं का? इतिहासकार टॅसिटस विचारतो की ऑगस्टस गेला तेव्हा प्रजासत्ताक पाहिलेले उरलेच किती होते. चव्वेचाळीस वर्षं शांतता आणि धान्य मिळालं की ‘दिलं की घेतलं’ ही चर्चा कोण करत बसणार? पण लोक भोळे नव्हते. व्हेस्पेशियनचा मुलगा सम्राट डोमिशियन याने इतक्या कमानी बांधल्या की कोणीतरी एका कमानीवर ग्रीकमध्ये ‘आर्केइ’, म्हणजे ‘पुरे’, असं लिहून ठेवलं. उच्चार लॅटिन ‘आर्की’, ‘कमानी’ या शब्दाशी जुळणारा. सेप्टिमियस सेव्हेरसने यादवी जिंकली आणि इ.स. १९५ मध्ये स्वतःला जुना सम्राट मार्कस ऑरेलियसचा मुलगा जाहीर केलं. मार्कस मरून पंधरा वर्षं झाली होती. मेलेल्याकडून दत्तक जाण्याचा हा प्रकार बघून एक सरदार त्याला म्हणाला, ‘अभिनंदन सीझर, तुम्हाला वडील सापडले.’ ही नोंद इतिहासकार कॅसियस डिओची आहे. नाणी मात्र ‘देव मार्कसचा पुत्र’ म्हणत राहिली, आणि चालत राहिली.

त्याच सेव्हेरसची कमान रोमच्या फोरममध्ये उभी आहे, इ.स. २०३ ची. वर तो आणि त्याचे दोन मुलगे, कॅराकॅला आणि गेटा, यांची नावं ब्राँझच्या अक्षरांत बसवली होती. इ.स. २११ च्या अखेरीस कॅराकॅलाने गेटाला मारवलं आणि त्याचं नाव सगळीकडून खरवडायला लावलं. कमानीवर चौथ्या ओळीत त्याच्या नावाच्या जागी ‘सर्वोत्तम आणि सर्वांत पराक्रमी राज्यकर्त्यांना’ अशा अर्थाचे शब्द घातले गेले. ब्राँझ नंतर चोरीला गेलं, दगडात खाचा आणि भोकं राहिली. कधी रोमला गेलात तर दुपारचं तिरपं ऊन पडल्यावर त्या ओळीकडे नीट बघा. जुन्या अक्षरांची भोकं नव्या अक्षरांशी जुळत नाहीत.